येळवस झाली आणि घरातली लेकरं एकामागून एक आडवी पडली

मांजराकाठ | सोमवार, रात्री ११.४०

लातूर जिल्ह्यातलं खेडं, एकत्र घर. शुक्रवारी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या झाली. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, खीर, आंबील, सगळं रीतीप्रमाणं. घरचे आणि पाहुणे धरून वीसेक माणसं जेवली. शनिवारी रात्री थोरल्या जाऊबाईंच्या सहा वर्षांच्या पोराला उलटी झाली. जास्त खाल्लं असंल म्हणून सोडून दिलं, तर पहाटेपर्यंत आठ उलट्या. रविवारी दुपारी माझा अडीच वर्षांचा. त्याला उलट्या कमी, पण जुलाब नुसते पाण्यासारखे. आज सकाळी जाऊबाईंची आठ वर्षांची पोरगी. आणि दोन तासांपूर्वी माझी धाकटी, नऊ महिन्यांची. अंगावर प्यायली आणि सगळंच्या सगळं माझ्या खांद्यावर.

जाऊबाईंच्या पोराला काल तालुक्याला दाखवलं. गेल्या गेल्या सलाईन लावलं, तीन बाटल्या औषधं लिहून दिली, त्यात एक अँटिबायोटिक. घरी येऊन गाडीतून उतरला की परत उलटी.

सासूबाई म्हणतात आंबील बाधली. नणंद म्हणते पाणी खराब. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आता गुरुवारी येईल. तोवर धुवायचं कशानं? दोन गोधड्या भिजून पडल्यात, या थंडीत वाळंनात. लेकरं पाणी मागायलेत, दिलं की ओकायलेत, नाही दिलं की रडायलेत. सासूबाई म्हणतात पोटाला आराम द्या, पाणी देऊच नका. मला ते पटंना. कुणी यातून गेलं असंल तर सांगा. मी जागीच आहे.

तेरणा | सोमवार, रात्री ११.५२

ताई, आधी एक. धाकटीचं अंगावरचं दूध बंद करू नका, कुणीही कितीही सांगू द्या. थोडं थोडं, पण पाजत राहा.

दुसरं, पेल्यानं पाणी देणं बंद करा. मागच्या साली माझ्या लेकीला झालं तेव्हा मी पण हीच चूक करत होते. लेकरू तहानेनं वखवखलेलं असतं, पेला हिसकावून घटाघटा पितं, आणि पाच मिनिटांत तेवढंच बाहेर. मग आपल्याला वाटतं पाणीच सोसंना. शेवटी आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी दाखवलं. उलटी झाली की दहा मिनिटं काही नाही. मग ओआरएसचा चहाचा एक चमचा. घड्याळात बघून दोन मिनिटांनी दुसरा. लेक तांब्याकडं हात करून रडायली, मी चमचाच पुढं करायली. रात्री दीड ते चार असे सत्तरेक चमचे गेले. भरून दोन पेलेही होत नाहीत ते, पण आत राहिले. चार वाजता तिनं शू केली आणि मी रडले. हसू नका कुणी.

घरात पुडी आहे का?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ११.५८

आशाताईंनी दिलेल्या दोन आहेत, मोठ्या. करते लगेच. हसत नाही हो ताई.

पुडीवाला | मंगळवार, रात्री १२.०६

जालन्यात औषधाचं दुकान आहे, म्हणून मधे तोंड घालतो. मोठी पुडी लिटरभर पाण्याची, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेल्यात कालवू नका! एकदा एक गिऱ्हाईक आलं, म्हणे लेकरू हे औषध थुंकतंय, लई खारट आहे. विचारलं तर अख्खी मोठी पुडी चहाच्या कपात. ते लेकराला घातक आहे, मीठ वाढतं अंगात. आणि उलटंही करू नका, की आज अर्धी पुडी, उद्या अर्धी. अंदाज चुकतो. लिटरची बाटली मोजून घ्या, पुडी पूर्ण टाका, २४ तासांत संपली नाही तर ओतून द्या आणि नवीन करा.

पुडी संपली आणि रात्र असली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं वरचा ढीग काढून. चव घेऊन बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागलं तर फेका.

आणखी एक, दुकानात रंगीत खोके मिळतात, संत्र्याच्या चवीचे, त्यांना ओआरएस समजू नका. त्यात साखर भरमसाट असते, तिच्यानं जुलाब वाढतात. २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली, ती उगाच नाही. नुसती ग्लुकोज पावडर पण नको.

जुनी खोड | मंगळवार, पहाटे ५.१०

म्हातारीला झोप कमी, म्हणून आत्ता वाचलं. अंबाजोगाईकडची आहे मी, पंचावन्न येळवशी बघितल्यात. आंबीलीला उगी नाव ठेवू नका बाई. आंबील बाधली असती तर वीसच्या वीस माणसं त्याच रात्री टमरेल घेऊन पळाली असती. शुक्रवारी दुपारी प्यालेली आंबील सोमवारी सकाळी पोरीला कशी बाधंल? हे एक पडलं, मग दुसरं, मग तिसरं. ही लागण आहे. गोवर, कांजण्या अशाच फिरायच्या घरातून.

सासूबाईंना माझं नाव सांगा. पाणी बंद करायचं आमच्या आयाही सांगायच्या. माझा पाठचा भाऊ तसाच गेला, तोंडाला कोरड पडून, पाणी पाणी करत. तेव्हा कुणाला माहीत होतं. मीठमोहऱ्या उतरवायच्या तर उतरवा, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, फक्त तेवढ्यासाठी हातातला चमचा खाली ठेवू नका.

भूक लागली की भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, दहीभात, केळं. थोरल्यांना ताकभाकर कुस्करून चालंल. उपाशी ठेवू नका.

बाळगुटी_नको | मंगळवार, सकाळी ७.२५

परभणीत लेकरांचा डॉक्टर आहे. आजींनी निदान बरोबर केलंय, मी त्यात फार भर घालणार नाही. एकापाठोपाठ एक, एक-दोन दिवसांच्या अंतरानं, आधी उलट्या मग पाण्यासारखे जुलाब, थोडा ताप, हे विषाणूचंच लक्षण. हिवाळ्यात रोटा असू शकतो, नोरो असू शकतो. कुठला ते शोधायला तपासण्या करत बसायची गरज नाही, घरी करायचं तेच आहे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान लेकरांना देऊ नका. उलटी थांबवायचं औषध असतं, पण ते वजन बघून डॉक्टरांनीच द्यायचं.

झिंक सुरू करा. सहा महिन्यांच्या वरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळी बंद करतात लोक, तसं नको. पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब लागायचा धोका तिच्यामुळं कमी होतो. आशाताईंकडं फुकट मिळते.

दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्याला अर्धा ते एक छोटा कप ओआरएस, त्याच्या वरच्यांना एक ते दोन कप. सगळं चमच्या-चमच्यानं, तेरणाताईंनी सांगितलं तसंच.

आता तुम्ही मला सांगा. धाकटीनं शेवटची शू कधी केली? रडताना डोळ्यात पाणी येतं का? टाळू आत गेलीय का? शी मध्ये रक्त दिसलं का? आणि तुमच्या घरी येण्याआधी पाहुण्यांतल्या कुणाला असं काही झालं होतं का?

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ७.४८

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारला. नणंदेचा चार वर्षांचा पोरगा पुण्याहून गुरुवारी रात्री आला. वाटेत टेंभुर्णीच्या पुढं दोनदा उलटी झाली होती. सगळे म्हणाले गाडी लागली. त्याच्या पाळणाघरात त्या आठवड्यात तीन-चार पोरांना असंच चाललं होतं, हे नणंद आत्ता सांगायली. आणि शुक्रवारी शेतात तो सगळ्यांच्या पुढं. मोठ्या गाडग्यातली आंबील पेला बुडवून बुडवून घेत होता, आमची सगळी पोरं त्याच्या मागं. म्हणजे आंबीलीनं काही केलं नाही, पण आंबीलीच्या गाडग्यानं केलं. सासूबाईंना हे अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं.

धाकटीची शू रात्री साडेबाराला. त्यानंतर लंगोट कोरडा. टाळूचं कळंना, जरा दबलेली वाटायली. रक्त नाही. चमच्यानं देतेय, दर तिसऱ्या चमच्याला झोपते.

बाळगुटी_नको | मंगळवार, सकाळी ७.५१

साडेबारा ते पावणेआठ. सात तास झाले. आणि ती गुंगीत आहे, ते मला जास्त आवडलं नाही. धाकटीला घेऊन आत्ता निघा. खेडं असेल, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतही चमचा चालू ठेवा, अंगावर घेत असेल तर पाजा. बाकीचे तिघं शू करत असतील, बोलत असतील तर घरी ठेवा, जाऊबाईंच्या हातात चमचा द्या. धागा नंतर वाचा.

दुधना | मंगळवार, सकाळी ९.३०

ताई सुखरूप असोत. तोवर माझं पाप सांगतो. आमच्या घरात झालं तेव्हा मी कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर बाहेर काढलं. दाराला, खेळण्यांना, बायकोच्या हाताला, पोराच्या गाडीला, सगळीकडं फवारणी. सोयाबीनवर मारतो तसं. तिसऱ्या दिवशी परभणीला जायला एसटीत बसलो आणि मानवत यायच्या आत कंडक्टरला म्हणालो, मास्तर, गाडी थांबवा. पुढचं लिहीत नाही.

बाळगुटी_नको | मंगळवार, सकाळी ११.१५

नोरोवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद चोळून. विषाणूचे मोजके कण पोटात गेले तरी पुरतात, आणि बरं झाल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, शी मधून पडत राहतात. म्हणून लेकरू खेळायला लागलं की हात धुणं सोडू नका. उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस झाल्याशिवाय अंगणवाडीत पाठवू नका.

स्पष्टवक्ता | मंगळवार, दुपारी १२.४०

सगळं खरं, पण माफ करा, चमच्यानं कुठं ताकद येते? आमच्याकडं तर दवाखान्यात गेलं की एक बाटली चढवतात आणि लेकरू टवटवीत. पैसे जातात, पण डोकं शांत राहतं.

पुडीवाला | मंगळवार, दुपारी १.२२

भाऊ, ताकदीचा प्रश्न नाही, पाणी आणि मिठाचा आहे. आतडं आजारी असलं तरी त्याचं एक दार उघडं असतं, साखर मिठाला सोबत घेऊन त्या दारातून आत जाते आणि त्यांच्या मागून पाणी जातं. ओआरएस म्हणजे एवढंच. १९७१ ला बांगलादेशातून निर्वासित आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा पसरला. डॉक्टर दिलीप महालनोबिस तिथं होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ, सोडा, ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. बाटली लावायला नर्स लागते, चमचा आईलाही धरता येतो. २०२२ ला ते गेले, नंतर २०२३ ला पद्मविभूषण मिळालं. माझ्या दुकानात पुडी घेणाऱ्या शंभरातल्या एकालाही त्यांचं नाव माहीत नसंल.

बाळगुटी_नको | मंगळवार, दुपारी १.४०

सलाईनला माझा विरोध नाही. लेकरू पीतच नसेल, सारखं उलटत असेल, सुस्त पडलं असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच मागं जात नसेल, तेव्हा ते लागतंच. पण चालत आलेल्या, बोलणाऱ्या लेकराला रांगेत बसवून बाटली लावणं, ते डोकं शांत कुणाचं करायला?

लातूरकर_पाणीवाला | मंगळवार, दुपारी ४.०५

पाण्याबद्दल कुणी बोलंना म्हणून लिहितो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढं त्या गाडीचं नाव जलदूत. बाहेरचे लोक फोटो काढायला आले, आम्ही घागर घेऊन उभे. त्या उन्हाळ्यात आमची दोन लेकरं जुलाबानं पडली होती. साबणानं हात धुवा म्हणणाऱ्याचा राग यायचा तेव्हा.

पण माझ्या बापानं एक केलं. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा घेतला, गरम पाणी आणि सोडा घालून धुतला. खिळा तापवून तळापासून बोटभर वर भोक पाडलं. भोकात तुरीच्या तुराटीची काडी खुपसली. डबा न्हाणीच्या खुंटीला टांगला, शेजारी जुन्या पायमोज्यात साबणाची वडी. काडी ओढली की काडीएवढी धार. एक माणूस हात धुतो तेवढ्यात पेलाभर पाणी जात नाही. तांब्यानं धुतलं तर अर्धा तांब्या सहज जातो, आणि तांब्याला हाताची घाण लागते ती वेगळीच. मी आजही तो डबा ठेवलाय, आता नळ असला तरी.

प्यायच्या पाण्याचा माठ उंच ठेवा आणि त्यात पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं घ्या किंवा तोटीचा माठ. आजारी लेकरांचं पाणी उकळून वेगळ्या भांड्यात.

तेरणा | मंगळवार, सायंकाळी ५.३०

गोधड्यांचं सांगते. आता नवीन गोधडी अंथरूच नका. खाली मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे तुकडे. तुकडा भिजला की उचलला, दुसरा टाकला. तुकडा अर्ध्या बादलीत धुऊन होतो, गोधडीला पाच बादल्या लागतात. भिजलेल्या आहेत त्या आत दोरीवर टांगून ठेवू नका, बाहेर उन्हात पसरा, दिवसातून दोनदा उलटवा. झटकू मात्र नका घरात.

फरशीवर उलटी झाली की आधी राख किंवा माती टाकून गोळा करायची, मग पाणी. आमच्याकडं शहाबादी फरशी, तिच्या भेगांत जातं सगळं. ग्रामपंचायतीच्या आडात टाकतात ती ब्लीचिंग पावडर चालते का डॉक्टर?

बाळगुटी_नको | मंगळवार, रात्री ९.१०

चालते, डबा ताजा आणि नीट बंद असला तर. लिटरभर पाण्यात चहाचे दोन चमचे, आधी घाण उचलून मग ते पाणी ओतायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग पुसायचं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि हे पाणी पिण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, कृपया.

मांजराकाठ, काय झालं?

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०.५०

आत्ता घरी आले. लातूरला लेकरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी पोटाची कातडी ओढून बघितली, टाळूवर बोट फिरवलं, म्हणाल्या अजून थोडा उशीर केला असता तर. सलाईन लावलं. हाताची शीर सापडंना, तीनदा टोचलं, तिसऱ्यांदा तर रडायचीही ताकद नव्हती तिला. तो आवाज नसलेला रडका चेहरा डोळ्यापुढून जायना. दुपारी अडीचला लंगोट ओला झाला. दवाखान्यातल्या मावशी हसायल्या, मी तो लंगोट हातात धरून बसले होते. संध्याकाळी पोटभर प्यायली. उद्या परत दाखवायला बोलावलंय.

घरी जाऊबाईंनी तिघांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ओळीनं बसवलं होतं, तीन वाट्या, तीन चमचे. सहा वर्षांचा आता भाकर मागायलाय. आठ वर्षांची म्हणते मला पेल्यानं द्या, मी काय बाळ आहे का. सगळ्यांचे आभार, नावं घेत बसत नाही, डोळे मिटायलेत.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी १०.००

वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा दोन महिन्यांचा आहे. रोटाची लस असते ना? ती घेतली तर हे होतच नाही का?

बाळगुटी_नको | बुधवार, दुपारी २.३०

सरकारी लसीकरणात आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला, तोंडातून. तुमची दीड महिन्याची राहिली असेल तर याच आठवड्यात जा, उशिरानं सुरू करायला वयाची मर्यादा आहे. लस घेऊनही जुलाब होऊ शकतात, नोरोवर तर ती नाहीच. पण रोटानं लेकरू दवाखान्यात भरती व्हायची वेळ कितीतरी कमी येते. दात येतायत म्हणून जुलाब होतायत, असं कुणी म्हणालं तर ते मात्र ऐकू नका. दात येताना लेकरू जे दिसेल ते तोंडात घालतं, जुलाब त्यानं होतात.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ९.१५

चौघंही उठली. धाकटीला झिंक चालू आहे, जाऊबाईंनी दिनदर्शिकेवर १४ चौकटी आखल्यात. काल नळाला पाणी आलं, गोधड्या धुतल्या. न्हाणीत तेलाचा डबा टांगलाय. पोरं गरज नसताना काडी ओढायलेत, त्यात अर्धं पाणी गेलं, पण असू द्या.

सासूबाईंचं म्हणणं अजून तेच, आंबील आंबट झाली होती. मी काही बोलले नाही. फक्त आज माठाशेजारी ओगराळं टांगलेलं दिसलं, आणि ते मी टांगलेलं नाही.

आणि आमचे हे. चार दिवस म्हणत होते, बायकांनी चमच्याचं लईच कौतुक लावलंय. आज दुपारपासून खाटेवर आडवे. आत्ता हाक मारून म्हणायलेत, पेलाभर ते पाणी दे.

जुनी खोड | शनिवार, पहाटे ५.०५

दे पेलाभर. बादली जवळ ठेव तेवढी.